फ्रिक्वेन्सीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो

काका, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला. वय २३, बी.एस्सी. झालो, आता बाबांसोबत शेती करतो. मागच्या वर्षी हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली आणि दिवाळीच्या आधी लायसन्स आलं. व्हीयू३चं कॉलसाईन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळालं म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच कळलं नाही. लांबवर बोलायचा एक जुना एचएफ सेट घेतला आहे, हातात धरायचा एक चिनी सेट, हँडी, आहे. कडूलिंबापासून गोठ्याच्या आढ्यापर्यंत तार बांधली आहे.

लायसन्सवर फ्रिक्वेन्स्यांची यादी आहे, पण माझे दोन्ही सेट तिच्याबाहेरही जातात. हँडी तर १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे चालते. मित्र म्हणतो, फॉरेस्टवाल्यांचं ऐकू, एकदा गंमत म्हणून बोलूनही पाहू. बाबा म्हणतात, अजून एक हँडी घे, रात्री ओलिताला गेलो की घरी निरोप देता येईल. वावरात मोबाईलला रेंज नाही.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं. पहिल्यांदा बोललो तेव्हाच फजिती झाली. सकाळी साडेसहाला ७.०९० मेगाहर्ट्झवर दोन मिनिटं ऐकलं, काहीच नव्हतं. म्हणून सीक्यू दिला, म्हणजे कुणी आहे का अशी हाक मारली. लगेच एक जण इंग्रजीत खेकसला, "फ्रिक्वेन्सी वापरात आहे, आधी ऐकायला शिका." मी सेटच बंद केला. तीन आठवडे झाले, माईकला हात लावला नाही. यादीचा अर्थ आणि हवेवर वागायची रीत, दोन्ही सांगा. मराठीत बोललं तर चालतं का, तेही सांगा.

— एक नवा हॅम, जि. यवतमाळ

बाबू,

फजितीपासूनच सुरू करतो. यादी समजायला दहा मिनिटं पुरतात, आणि हे दुखणं तीन आठवड्यांचं आहे.

तू दोन मिनिटं ऐकलंस. मी पहिल्यांदा बोललो तेव्हा दोन सेकंदही ऐकलं नव्हतं. तेव्हा तुझ्याकडून आळस झाला असं मी म्हणणार नाही. सकाळच्या साडेसहाच्या आकाशानं तुला फसवलं. रात्रभर ऊन नसल्यानं वरचं आयनोस्फिअर पातळ झालेलं असतं. त्या वेळी ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल सरळ वर गेला तर आरपार निघून जातो. तिरपा गेलेला तेवढा वळतो आणि शेकडो किलोमीटरवर जाऊन उतरतो. म्हणून पहाटे ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, चेन्नई-कोलकाता शेजारच्या खोलीत बसल्यासारखे ऐकू येतात आणि नागपूर, अकोला मुके असतात. मधल्या ज्या पट्ट्यात काहीच उतरत नाही त्याला स्किप म्हणतात. नऊ-साडेनऊ वाजले, ऊन चढलं, की जवळची मंडळी हळूहळू उगवायला लागतात.

आता माझा अंदाज ऐक. तिथं एखादं नेट, म्हणजे ठरल्या वेळी हवेवर जमणारी बैठक, चालू असणार. पाच-सात जण, त्यातला एक कंट्रोल, बाकीचे पाळीपाळीनं बोलणारे. ज्याची पाळी होती तो असेल अमरावतीचा नाहीतर नांदेडचा, म्हणजे तुझ्या स्किपमधला. तो चार मिनिटं आपल्या नव्या अँटेनाचं कौतुक सांगत बसला आणि तुझ्या कानाला नुसती खरखर. कंट्रोल मात्र लांबचा. त्याला तूही स्वच्छ आणि अमरावतीवालाही स्वच्छ. तू सीक्यू दिलास तो त्याच्या कानात नेमका अमरावतीवाल्याच्या डोक्यावर पडला. तो भडकला. भडकायला नको होतं, पण खोटं बोलला नाही. तुझी फ्रिक्वेन्सी रिकामी होती आणि त्याची भरलेली होती, एकाच वेळी, एकाच आकड्यावर.

म्हणून ऐकणं पुरत नाही, विचारावंही लागतं. आधी ऐक. मग म्हण, "इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?" आणि आपलं कॉलसाईन दे. पाच-दहा सेकंद थांब. पुन्हा एकदा विचार, पुन्हा थांब. जो बोलतोय तो तुला ऐकू येणार नाही, पण त्याला ऐकणारा कुणीतरी तुला ऐकू येईल आणि तोच "येस, इन यूज" म्हणेल. मग "सॉरी, थँक यू" म्हणून पाच किलोहर्ट्झ सरकायचं. मोर्सवाले हेच 'क्यूआरएल?' एवढ्यात विचारतात. त्या दिवशी तू विचारून मग सीक्यू दिला असतास, तर तोच माणूस तुला कदाचित नेटमध्ये बोलावून घेता. आणि पुढे कधी कुणी खेकसलंच, तर वाद घालू नको, खुलासा देऊ नको, सेटही बंद करू नको. "सॉरी, क्यूएसवाय", म्हणजे सरकतो, एवढं म्हण आणि डायल फिरव. कुणी बोललं की लगेच आपली बाजू मांडायची ही आपल्या चावडीवरची सवय हवेवर कामाची नाही. आपण बाजू मांडत असतो तेवढा वेळ त्या बिचाऱ्यांचं नेट अडून बसतं.

आता यादी. ती टेबलावर पुढ्यात घे. रिस्ट्रिक्टेडला सध्या एवढं समजून घे: ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झ आणि ३.८९० ते ३.९०० चा एक छोटा तुकडा, ७.० ते ७.२, १४.० ते १४.३५०, मग १८.०६८ ते १८.१६८, २१.० ते २१.४५०, २४.८९० ते २४.९९० आणि २८.० ते २९.७. वर व्हीएचएफला १४४ ते १४६, यूएचएफला ४३४ ते ४३८. ताकद एचएफवर ५० वॉट. जनरलवाल्याला, म्हणजे व्हीयू२ ला, ४०० वॉट मिळतात. व्हीएचएफ-यूएचएफचा वॉटचा आकडा वेगळा असतो, तो तुझ्याच कागदावर छापलेला आहे. माझ्या पत्रात आणि तुझ्या लायसन्सात काही फरक दिसला तर लायसन्स खरं धर.

५० वॉट ऐकून तोंड वाकडं करू नको. समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर, एक घर चढायला सहा डेसिबल लागतात. ५० चे १०० केलेस तर तीनच डेसिबल, म्हणजे अर्धं घर. ४०० पर्यंत गेलास तरी दीड घर. तुझा सेट १०० वॉटचा असेल तर मेन्यूत जाऊन ५० वर आण आणि ती अर्ध्या घराची भूक अँटेनावर भागव. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं की डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये येते. ७.१ ला साधारण वीस मीटर, मध्ये कापून दोन्हीकडे दहा-दहा. तार चांगली आठ-दहा मीटर उंच जाऊ दे, आणि महावितरणच्या लाईनच्या वरून किंवा खालून तर अजिबात नेऊ नको. तुटली तर लाईनवर पडणार नाही इतकी दूर हवी. मृगाच्या आभाळात कडाडायला लागलं की आधी कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेटमधून काढून खिडकीबाहेर. आपल्याकडची वीज किती वाईट, ते तुला मी सांगायला नको.

इंटरनेटवर व्हिडिओ पाहून शिकतोस का? पाहा जरूर, पण बोलणारा अमेरिकेतला असेल तर त्याचे आकडे घेऊ नको. तिकडे ४० मीटर ७.३०० पर्यंत जातं आणि २ मीटर १४८ पर्यंत. रेडिओसाठी जगाचे तीन रीजन, म्हणजे विभाग, केलेत: ते दोनमध्ये, आपण तीनमध्ये, आणि शिवाय प्रत्येक देशाचे आपले नियम. आपल्याकडे ७.२०० च्या वर ब्रॉडकास्टवाल्यांची मोठी मोठी स्टेशनं आहेत. तुझा सेट तिथंही ट्रान्समिट करेल, कारण कारखान्यानं तो दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांसाठी बनवलाय. सेट करू देतो म्हणजे परवानगी आहे, असं नाही. ट्रॅक्टरही शेजाऱ्याच्या वावरात जाऊ शकतोच की.

वावराचं निघालंच आहे तर धुऱ्याची गोष्ट सांगतो. परीक्षेला पाठ केलेली असते, पण हातानं केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. डायलवर दिसतो तो आकडा म्हणजे धुऱ्यावरचा दगड. तुझा आवाज त्या दगडावर नसतो. तो दगडाच्या एका बाजूला सुमारे तीन किलोहर्ट्झ पसरलेला असतो. १० मेगाहर्ट्झच्या खाली आपण एलएसबी वापरतो, म्हणजे आवाज डायलच्या खाली. वर यूएसबी, म्हणजे डायलच्या वर. आता कागद-पेन्सिल घे. डायल ७.२०० वर, एलएसबी: आवाज ७.१९७ ते ७.२००, जेमतेम आत. डायल ७.००१ वर, एलएसबी: आवाज ६.९९८ पासून, म्हणजे तू धुरा ओलांडलास. तसंच वीस मीटरवर १४.३५० ला यूएसबी लावलीस तर अख्खा आवाज बँडच्या बाहेर, डायल मात्र निरागसपणे यादीतलाच आकडा दाखवतंय. १४.३४६ च्या वर तोंड उघडायचंच नाही असं ठरवून टाक, म्हणजे एक किलोहर्ट्झची दोरी सुटी राहते. धुऱ्यापर्यंत नांगरलंच पाहिजे असं थोडंच आहे?

याच हिशोबानं आणखी एक खोडी कळते. ७.०७४ वर एफटी८ चालतं. ते कॉम्प्युटरचं मऊ चिवचिवणं, दिवसरात्र. त्याची वस्ती ७.०७४ पासून सुमारे ७.०७७ पर्यंत. तू ७.०७८ वर एलएसबीत बोललास तर डायल त्यांच्या बाहेर, पण आवाज ७.०७५ पासून. मधोमध. त्यांना तुझं नाव कळणार नाही, तुला त्यांचं बोलणं कळणार नाही, आणि दोघंही वैतागणार. ७.०८० च्या खाली आवाजात बोलायचं नाही, एवढा नेम ठेव.

इथं दोन गोष्टी वेगळ्या कर. यादी हा कायदा आहे. बँड प्लॅन, म्हणजे कुठं मोर्स, कुठं डिजिटल, कुठं आवाज, हा जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या युनियननं एकमेकांत ठरवलेला रिवाज. बँडचा तळ मोर्सवाल्यांचा, हे सगळीकडे सारखं. कागदावर तुला ७.०१० ला बोलायची बंदी दिसत नसली, तरी तिथं आवाजात बोलणारा माणूस म्हणजे पंगतीत चपला घालून आलेला माणूस. कुणी पोलिसात देणार नाही, पण वाढणारही नाही. वीस मीटरवर १४.१०० हा आकडा तर जपायचाच. तिथं जगातली अठरा बीकन स्टेशनं, म्हणजे आपोआप खूण पाठवणारी, पाळीपाळीनं दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत चक्र पूर्ण होतं. एक श्रीलंकेतलं आहे, ४एस७बी. एखाद्या संध्याकाळी नुसतं ते ऐकत बस. कोणतं बीकन येतंय, कोणतं नाही, यावरून आज आकाश कोणत्या दिशेला उघडं आहे ते तुला बोलायच्या आधी कळेल.

सातबारा मात्र कुठल्याच आकड्याचा निघत नाही. रोज सकाळी पंचवीस वर्षं एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणारं नेटसुद्धा तिचं मालक नसतं. पांधणीसारखं आहे हे. वहिवाट सगळ्यांची. भरलेली बंडी समोरून आली की रिकामीनं बाजूला व्हायचं, एवढंच. म्हणून नेटच्या वेळेला तू आधीपासून तिथं बोलत असशील, तर कायद्यानं तू सरकायला बांधील नाहीस, तरी सरक. तुम्ही दोघं आहात, ते वीस आहेत.

हँडीकडे येतो, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे.

१३६ ते १७४ मध्ये तुझी जागा दोन मेगाहर्ट्झची. बाकी पोलीस, वनखातं आणि इतर खाती. तू टिपेश्वरच्या शेजारी राहतोस. २०१८ साली पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात अवनी वाघिणीच्या मागे किती दिवस माणसं पायी फिरत होती, ते तू शाळकरी वयात पाहिलं असशील. त्या दिवसांत एखाद्या गार्डच्या "इकडं आहे, इकडं" या शब्दांवर कुणी गंमत म्हणून बटण दाबलं असतं तर? एफएमची खोड अशी की दोन सिग्नल आले तर जो जोराचा तोच ऐकू येतो आणि दुसरा सपशेल गिळला जातो. तुझी पाच वॉटची हँडी जवळ असेल तर गार्डला गिळायला पुरेशी आहे. मित्राला सांग, नाही म्हणजे नाही. आणि चुकून कधी कुणाचं बोलणं कानावर पडलंच, तर ते पानठेल्यावर सांगायचं नाही. हे नियमातही आहे. डब्ल्यूपीसीची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी वायरलेस खात्याची, मॉनिटरिंग स्टेशनं देशभर आहेत, एक नागपुरातही आहे, पण मी तुला त्या भीतीनं सांगत नाहीये.

तू एवढं कर: यादीतले चार-पाच चॅनेल भरून ठेव, सेट चॅनेल मोडवर टाक आणि कीपॅड लॉक कर. बहुतेक चिनी हँडीत हॅशचं बटण दाबून धरलं की लॉक होतं. घरात लहान पोरं असतील तर हे आजच.

१४४ ते १४६ मध्येही वरचा तुकडा, १४५.८ पासून १४६ पर्यंत, सॅटेलाइटचा आहे. तिथं गावगप्पा नकोत. उलट तिथं ऐक. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० वर बोलतं. चारशे किलोमीटर वरून, तुझ्या वावरावरून, नऊ-दहा मिनिटांत या क्षितिजावरून त्या क्षितिजावर. त्यावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं लगेच पुन्हा पाठवणारा सेट, हाही आहे: १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह पाठवायचं, ४३७.८०० वर ऐकायचं. पण तिथं अख्ख्या उपखंडातले हॅम एका दाराशी उभे असतात. कॉलसाईन, हाक, "फाइव्ह नाइन (म्हणजे स्वच्छ आणि जोरात ऐकू येतंय), थँक यू", संपलं. तब्येतपाणी विचारायची ती जागा नव्हे.

जमिनीवरच्या रिपीटरलाही तेच, थोडं सैल. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबू नको. एक-दोन सेकंदांची फट ठेव. कुणाला मध्ये यायचं असेल तर तो त्या फटीतूनच येणार. तुलाही कुणाच्या गप्पांत शिरायचं असेल तर फटीत एकदा कॉलसाईन दे आणि गप्प राहा. "ब्रेक ब्रेक ब्रेक" खरंच आग लागली, अपघात झाला, तर राखून ठेव. आणि चालू आहे का पाहायला म्हणून नुसतं बटण दाबून सोडायची सवय लावून घेऊ नको, ती सुटत नाही. पाहायचंच असेल तर कॉलसाईन देऊन पाहा.

बाबांच्या हँडीचं उत्तर त्यांना आवडणार नाही. लायसन्स तुझं आहे, सेटचं किंवा घराचं नाही. बाबांच्या हातातला सेट म्हणजे दुसरं स्टेशन, त्याला दुसरा लायसन्सवाला माणूस लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते, तेव्हा बाबांनाच बसव की परीक्षेला. हसू नको. रात्री ओलितावर मोटार चालू झाल्यावर दांडावर बसून दुसरं करायचं काय असतं? तोवर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे, डब्ल्यूपीसीची मान्यता असलेले वॉकीटॉकी मिळतात. त्यांना लायसन्स लागत नाही आणि शिवारापुरतं काम भागतं. तुझी हँडी मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर लावायची नाही. ती त्या मान्यतेत बसत नाही, आणि ४४६ तुझ्या ४३४-४३८ मध्येही येत नाही.

मराठीत बोल ना. ४० मीटरवर सकाळी कितीतरी जण मराठीत बोलतात. साधी, उघडी भाषा हवी, सांकेतिक नको, एवढीच अट. फक्त कॉलसाईन 'व्हिक्टर युनिफॉर्म थ्री...' असं ठरलेल्या अक्षरांतच दे. "व्ही, वनस्पतीवाला" म्हणू नको. तमिळनाडूतला माणूस वहीत काय लिहील? सुरुवातीला दे, शेवटी दे, मध्येही देत राहा. मी दर दहा मिनिटांनी देतो. वही ठेव, प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाईन लिही. परदेशी क्यूएसएल कार्डावर, म्हणजे संपर्काच्या पोचपावतीवर, यूटीसी ही जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचच्या संपर्काची तिथली तारीख आदल्या दिवसाची, यात सगळेच एकदा फसतात.

हवेवर 'साहेब' नसतो. कलेक्टर असो की कोतवाल, नाव आणि कॉलसाईन. राजीव गांधी हवेवर व्हीयू२आरजी होते. समोरचा तुला "ओएम" म्हणेल. ते 'ओल्ड मॅन', प्रेमानं म्हणतात, तेवीस वर्षांच्या पोरालाही. माझ्या एका मित्राला बरेच महिने वाटायचं की लोक आपल्याला ओंकार म्हणून नमस्कार करतायत. तो प्रत्येकाला उलट "ओम" म्हणायचा, अगदी मनापासून.

काय बोलावं? अँटेना, हवामान, सेट, गाव, पीकपाणी. राजकारण, धर्म, गाणी, धंदा नको. "तुमच्याकडं कापसाला भाव काय?" हे गप्पांत आलं तर आलं. "माझे दहा क्विंटल घे, गाडी पाठव" म्हटलंस की तो सौदा झाला.

आता माझी एक फजिती, म्हणजे तुझी जरा हलकी होईल. हरभरा सोंगायचे दिवस. मी सकाळचं नेट संपवून माईक बाजेवर ठेवला आणि चहा घ्यायला ओसरीत गेलो. माईकवर उशी कलंडली आणि बटण दाबलं गेलं. दारात भांडेवाली आली होती आणि आमच्या घरातून जुन्या लुगड्यांवर स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेणं चालू होतं. "तीन लुगडे अन् एक पँट, अन् गंज एवढासा?" "बाई, पँटीची चेन तुटलीय." वीस मिनिटं. सगळं ७ मेगाहर्ट्झवर, एलएसबीत, अर्ध्या देशात. आणि मला कुणी सांगूही शकत नव्हतं, कारण सेट पाठवत असला की ऐकत नसतो. दुसऱ्या दिवशी नेटवर हैदराबादच्या एका जुन्या हॅमनं गंभीर आवाजात विचारलं, "ओएम, शेवटी वहिनींना गंज मिळाला का?" तेव्हापासून माईक खिळ्याला टांगतो आणि सेटचा टाइम-आउट, म्हणजे पाठवणं आपोआप थांबायची वेळ, तीन मिनिटांवर असतो. तुझ्या हँडीतही 'टीओटी' नावाचा मेन्यू आहे. लावून टाक.

डीएक्सच्या, म्हणजे दूरदेशीच्या संपर्कांच्या, गर्दीचं थोडक्यात सांगतो, तुला ते लवकरच भेटेल. एखादं दुर्मिळ बेट हवेवर आलं की शेकडो जण त्याला हाका मारतात. तो म्हणतो, "लिसनिंग अप फाइव्ह". म्हणजे तो बोलतो १४.१९५ वर आणि ऐकतो पाच किलोहर्ट्झ वर, १४.२०० ला. तू स्प्लिट, म्हणजे ऐकायची एक आणि पाठवायची दुसरी फ्रिक्वेन्सी, लावायला विसरून त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर हाक मारलीस तर सगळ्यांसाठीच त्याचा आवाज दबतो आणि दहा जण एकदम तुझ्यावर "अप! अप!" ओरडतात. ते दहा जणही चुकतच असतात, कारण तेही त्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडतायत. त्यात अकरावा होऊ नको.

एका प्रसंगात मात्र सगळी गर्दी आपोआप बाजूला झाली पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, अंदमानात व्हीयू४ हे दुर्मिळ कॉलसाईन हवेवर आणायला गेल्या होत्या. जगभरचे हॅम त्यांच्याशी एक संपर्क व्हावा म्हणून रांगेत. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्याच सेटवरून माणसांच्या खुशालीचे निरोप जायला लागले. आपल्या भागात पूर यायला किती वेळ लागतो? मोवाड १९९१ साली एका सकाळीत वाहून गेलं. तेव्हा हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: ३.६००, ७.११०, १४.३००, १८.१६० आणि २१.३६०. आपल्या रीजनमध्ये आणीबाणीत या फ्रिक्वेन्स्यांच्या आसपास लोक जमतात. एरवी त्या कुणालाही वापरता येतात, पण तिथं आपत्तीचे निरोप चालू असतील तर मदतीला गेलो तरी आधी ऐकायचं. कंट्रोलनं विचारल्याशिवाय "मी आहे, मी आहे" म्हणायचं नाही. तुझ्याकडं बॅटरी आहे, सेट आहे, तू तयार आहेस, हे त्याला एका ओळीत कळलं की पुरे. नंतर गप्प राहणंच जास्त कामाचं.

तर येत्या रविवारी सकाळी साडेनऊला, ऊन चढल्यावर, सेट लाव. ७.०९० च्याच आसपास, मुद्दाम. अर्धा तास नुसता ऐक आणि वहीत कोण कुठला ते लिहीत जा. मग एखादी मोकळी जागा शोध, दोनदा विचार, आणि सीक्यू दे. मी तिकडंच फिरत असतो. माझा आवाज जरा घोगरा आहे.

ता.क. पत्राच्या मागच्या पानावर तू लिहिलंयस की सेटमध्ये दर सेकंदाला 'टक्' असं वाजतं आणि ते आकाशातलं असावं. आकाशातलं इतकं वक्तशीर नसतं. ते रानडुक्कर-रोह्यांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन आहे. तुमचं नाहीतर शेजाऱ्यांचं. दिवसा दहा मिनिटं बंद करून पाहा. टक् थांबलं तर तारेला जिथं गवत टेकलंय ते काप, सैल गाठी आवळ, फुटलेले इन्सुलेटर बदल. ठिणगी पडते तिथूनच हा आवाज निघतो. शेजाऱ्यांचं असेल तर आधी त्यांच्या कुंपणाचं गवत तू काढून दे, तक्रार मग कर. आणि तुझ्या बोलण्यानं त्यांच्या टीव्हीत किंवा देवळाच्या भोंग्यात बदकासारखं क्वॅक-क्वॅक येत असेल तर तेही विचारून घे. माझा आवाज एकदा काकड आरतीत घुसला होता. स्पीकरच्या वायरीला फेराइटची दोन कडी बसवली, पाच वॉट कमी केले, तेव्हा पुजारीबुवा पुन्हा बोलायला लागले.